जातं थांबलं की ओळ टाकायची

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे धाडसी प्रवासाच्या आशेनं कुणी पुढं वाचायला नको. एसटीच्या वळणांची मला भीती वाटते, भिंतीवरच्या पालीची वाटते, आणि चार लोकांत एकटीनं गायची तर सगळ्यांत जास्त वाटते. पुण्यातल्या एका शाळेत मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. दर वर्षी नववीच्या वर्गाला अंधश्रद्धेवर एक खणखणीत तासही घेते. मुलांना तो फार आवडतो. मला स्वतःला तो कितपत पटलाय, ते यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत चंदगडला जाऊन कळलं.

झालं असं, की माझ्या मुलीचं, प्रीतीचं, लग्न ठरलं. नाताळ उरकल्यावर, जानेवारीत. आमच्या चर्चमध्ये लग्नाची गाणी भरपूर आहेत, पण बहुतेक विलायती चालींची, ऑर्गनवर शोभणारी. हळदीला मात्र कुणीतरी सीडी लावतं आणि सिनेमातलं काहीबाही वाजत राहतं. एकदा चहा पिता पिता प्रीती म्हणाली, "आई, मला हळदीला आपलं गाणं पाहिजे. देवाचं, पण जात्यावरच्या चालीचं. आणि ते तू म्हणायचंस."

मी नुसतं "बघू" म्हटलं. कारण माझा बेत वेगळाच होता. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. हळद लागेल तेव्हा आपण गुपचूप स्वयंपाकघरात जायचं, पुऱ्यांकडे बघायचं आणि कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. विधवेनं हळदीत पुढं होऊ नये असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. सासरच्यांनी नाही, पाळकसाहेबांनी तर नाहीच. माझं मीच ठरवलं. माझ्यामुळे पोरीचं काही वाईट झालं तर, एवढा एकच विचार मनात यायचा आणि त्याच्यापुढं माझं सगळं विज्ञान गप्प बसायचं.

त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या दानिएल मास्तरांचं पत्र आमच्या गायनमंडळाला आलं. मास्तर म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, पेटी, ढोलकी, हलगी असं हाताला लागेल ते वाजवणारे. चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत चार दिवस राहायचं आणि तिथल्या बायकांबरोबर बसून घाण्याच्या चालीवर उपासनेची गाणी करायची, असा त्यांचा बेत होता. घाणा म्हणजे लग्नाआधी हळद दळताना बायका म्हणतात ती गाणी. वर्गणी दोनशे रुपये, राहणं-जेवण त्यातच. पत्राखाली ठळक लिहिलं होतं, "वही आणू नये. शाल आणावी." प्रीतीनं पत्र वाचलं आणि मला न विचारता स्वारगेटवरून तिकीट काढून आणलं.

पुणे ते मंगळवार पेठ

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर आरक्षण केल्याशिवाय जाऊ नका. माझी जागा खिडकीजवळ होती तरी दोन पिशव्या आणि एक परकं बाळ मांडीवर घेऊनच मी कोल्हापूर गाठलं. सहा तास लागले. तिकीट दीडशेच्या आसपास. बाळ खंबाटकीच्या घाटात झोपलं, मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. त्याची आई म्हणाली, "काकू, तुम्हीच लहान मुलासारखं करताय."

मास्तरांचं घर मंगळवार पेठेत, एका तालमीच्या मागच्या बोळात. रात्रीचं जेवण त्यांच्याकडे झालं आणि सकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खायला नेलं. कट जिभेवर पडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मास्तर खूश.

"मास्तर, शिबिराचं नेमकं काय?" मी विचारलं.

"बाई, इतकं हळू बोलू नका. कोल्हापुरात हळू बोललं की लोकास्नी वाटतं, आजारी हाय." अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं ते म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "त्या वाडीत घाण्याची जुनी चाल अख्खी येणारी एकच बाई उरली हाय. शांताव्वा. सत्तरीची हाय. तिच्याबरुबर चाल गेली म्हंजे गेलीच. पन ती गाईल का न्हाय, काय खरं न्हाय."

"का?"

"घाबरती. कशापायी त्ये तुमी इचारा. मला सांगत न्हाय."

घाबरणाऱ्या बाईकडे दुसरी घाबरणारी बाई पाठवणं म्हणजे आंधळ्याच्या हाती आंधळ्याची काठी देणं, असं मला वाटलं. पण मिसळीनं तोंड इतकं पोळलं होतं, की मी काही बोलले नाही.

कोल्हापूर ते चंदगड

चंदगडची एसटी सकाळी लवकरची धरा. आमची कागल, निपाणी, गडहिंग्लजवरून गेली. मध्येच पाट्या कानडी होतात, चहाची चव बदलते, आणि पुन्हा मराठी सुरू होतं. गडहिंग्लजपर्यंत ऊस होता. नेसरी मागं पडली तशी झाडी अंगावर यायला लागली आणि वळणावर समोरचं काही दिसेना इतकं धुकं लागलं. ड्रायव्हर एका हातानं गाडी हाकत दुसऱ्या हातानं काच पुसत होता. मी सीटची दांडी धरून बसले. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निपाणीलाच घ्यावी, पुढं घेऊन उपयोग होत नाही.

चंदगडला चार तासांनी पोचलो. तिथून पुढं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. दहा जणांच्या जागेत आम्ही सोळा. माझ्या शेजारी एक शेतकरी पावट्याच्या शेंगांचं गाठोडं घेऊन बसला होता.

"पावणं कुठनं आलासा?" त्यानं मास्तरांना विचारलं.

"ह्या बाई पुण्याच्या. मी कोल्हापूरचा."

"मग दिवस मावळला की भायर फिरू नका. टस्कर आलाय."

"कोण आलाय?" मी विचारलं.

"हत्ती हो, बाई. सुळंवाला. कर्नाटकातनं येतोय. परवा आमची भाताची रचलेली उडवी इस्कटली त्येनं. दोन-तीन वर्सं झाली, सुगी आली की येतोयच."

प्रवासवर्णनं वाचून मी आले होते काजूच्या बागा आणि घनसाळ भाताचा वास यांच्या ओढीनं. हत्तीचा उल्लेख कुणीच केला नव्हता. म्हणून मी करते आहे. इकडे याल तर आधी चौकशी करा.

वाडी वीस-पंचवीस उंबऱ्यांची. त्यातली सहा-सात घरं ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासूनची. लाल मातीच्या अंगणात भाताची मळणी चाललेली. शांताव्वांच्या पडवीत आमची सोय होती. त्या दारातच उभ्या होत्या, लहान चणीच्या, डोळे तेवढे मोठे. त्यांनी मला पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्या मोकळ्या गळ्याकडे एकदा बघून घेतलं. त्यांच्या मागून त्यांची नात आली, रिबका. बावीस वर्षांची, मोठ्या आवाजाची. तिचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं, आणि आमचं गाणं तिच्या घाण्याला म्हणायचं ठरलेलं होतं.

"हत्तीला भ्यालासा व्हय?" तिनं हसत विचारलं. "आमी बी भितो. पन कामं हायतच की." इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी कानाला खटकतं, दुसऱ्या दिवशी गोड वाटतं.

पहिला दिवस: दयासागर आणि नाचणी

जेवणात नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी आणि पावट्याची आमटी. त्यानंतर पडवीत जातं मांडलं, पाच-सहा शेजारणी जमल्या आणि मास्तरांनी नियम सांगितले. कागद नाही, पेन नाही. ज्याला ओळ सुचेल त्यानं येऊन जात्याचा खुंटा धरायचा आणि दळता दळता ओळ म्हणायची. जातं फिरत राहिलं तर ओळ ठेवायची. जातं थांबलं की ओळ टाकायची.

"गानं चांगलं का वाईट त्ये आपण ठरवायचं न्हाय," मास्तर म्हणाले. "जातं ठरवील."

मी अर्थात पुण्याहून चार ओळी पाठ करून आले होते. खुंटा धरला, नाचणीची मूठ घातली आणि सुरू केलं, "हे परमपावन दयासागरा प्रभो." 'दयासागरा'ला जातं अडकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडकलं. समोरून खुंटा धरणारी रिबका म्हणाली, "बाई, तुमचा सागर लई मोठा हाय. आमच्या जात्यात मावत न्हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

अडचण दुसरीच होती. चाल अर्धीच जमत होती. शेजारणींना वरचा भाग यायचा, पण शेवटाला चाल ज्या वळणानं परत खाली येते आणि जात्याच्या फेऱ्याला मिळते, ते वळण कुणालाच नीट येत नव्हतं. सगळ्यांनी शांताव्वांकडे बघितलं. त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, पाठ करून, शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आव्वा, सांग की," रिबका म्हणाली.

"न्हाय."

"नुसतं गुणगुण."

"तू आत असताना न्हाय, म्हटलं नव्हं?" एवढं बोलून त्या सूप घेऊन परसात निघून गेल्या.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. परसात गवताच्या गंजीआड शांताव्वा बसल्या होत्या. मी शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या.

"तुमचं मालक कवा गेलं?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी."

"माझं तीस वर्सं झाली." मग एका दमात त्यांनी सांगून टाकलं. "रिबीची आय माझी थोरली. तिच्या लग्नात शेजारणी म्हटल्या, शांते, तुझ्यासारका गळा न्हाय, तू म्हण. आपण येशूची मानसं, आपल्याला कसली रांडव-सवाशीन. मी ऐकलो. घाण्याला बसलो आन गायलो. वर्स भरलं न्हाय. ही पोरगी पदरात टाकून माझी पोर बाळंतपनात गेली." त्यांनी सोललेले दाणे सुपात सारखे केले. "पाळकांनी लई समजावलं. देव असं करत न्हाय म्हटलं. मला बी म्हाईत हाय, करत न्हाय. पन माझं तोंड उघडत न्हाय, बाई."

नववीच्या वर्गात मी काय सांगितलं असतं ते मला पाठ होतं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. त्या गंजीआड ते वाक्य माझ्याही तोंडून निघेना. त्याऐवजी मी त्यांना पुऱ्यांचा माझा बेत सांगितला. आजवर कुणालाच सांगितला नव्हता.

शांताव्वांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमास्नी शिकवतो. तुमाला आता काय व्हायाचं ऱ्हायलंय? पन रिबीला हिरीवर धाडा आधी."

म्हणून रिबकाला विहिरीवर पाठवलं. त्या दिवशी ती पोरगी सात खेपा पाणी घेऊन आली. दर खेपेला शांताव्वा चाल म्हणायच्या, मी मागोमाग म्हणायची, आणि घागरीचा आवाज जवळ आला की दोघीही गप्प. सातव्या खेपेला रिबका ओरडली, "घरातली भांडी संपली, आव्वा! आता पानी कुठं वतू?" तोवर शेवटचं वळण माझ्या गळ्यात बसलं होतं.

दुसरा दिवस: काना गावचं लग्न

चाल मिळाली, आता मजकूर हवा होता. सकाळच्या प्रार्थनेत मास्तरांनी काना गावच्या लग्नाचा अध्याय वाचला. लग्नात द्राक्षारस संपतो, येशूची आई त्याला सांगते, तो रांजणांत पाणी भरायला लावतो आणि पाण्याचा द्राक्षारस होतो, ती गोष्ट. रिबकाला नियमाप्रमाणे बाहेर बसवलं होतं, कारण पुढं चाल म्हणायची होती.

"मास्तर, थांबा जरा," शांताव्वा उंबऱ्यावरून म्हणाल्या. "येशूची आय तितं हुती म्हनतासा. आन तिचा मालक योसेफ?"

मास्तरांनी पान मागं-पुढं केलं. "त्येचं नाव न्हाय हितं. लिवलेलंच न्हाय काय. लोक म्हनत्यात, तवर वारला असंल."

"म्हंजे ती माझ्यागत हुती."

"असंल की."

शांताव्वा सूप खाली ठेवून आत आल्या. "मग ती लग्नात म्होरं कशी? मागल्या दारात का बसली न्हाय?"

मास्तर पुन्हा पानं उलटू लागले. उत्तर दाराबाहेरून आलं.

"बसली असती तर रस संपला ह्ये कुनाच्या ध्यानात आलं असतं, आव्वा?" रिबका बाहेरून ओरडली. "देवानं बी मग पानीच पाजलं असतं लोकास्नी!"

शांताव्वा उभ्याच होत्या. मग त्या जात्याजवळ आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ये आत."

रिबका आत आली, समोर बसली. दोघींनी खुंटा धरला. आणि त्या म्हातारीनं बावीस वर्षांनी चारचौघींत तोंड उघडलं. आवाज आधी गंजलेला निघाला, दुसऱ्या फेऱ्याला मोकळा झाला. ओळी तिथल्या तिथं येत गेल्या. एकीनं सुरुवात करायची, दुसरीनं पुरी करायची:

कानाच्या लग्नात, रांजण भरा गं पाण्यानं,
गोड केलं देवानं, एका शब्दानं.

जातं फिरत होतं. माझ्या डोक्यात काहीतरी आलं आणि विचार करायच्या आत मी पुढं होऊन खुंट्यावर हात ठेवला:

कानाच्या लग्नात, आई येशूची मांडवात,
गळा तिचा मोकळा, हात कामात.

जातं थांबलं नाही. शांताव्वांनी माझ्याकडे बघितलं आणि तीच ओळ पुन्हा उचलली. मग शेजारणींनी उचलली. मला आनंद झाला होता, पण भीती जास्त वाटत होती. पोरीच्या लग्नाच्या गाण्यात मी विधवेला आणून बसवलं होतं.

तिसरा दिवस

सकाळी रिबका आणि तिचा मामेभाऊ योहान मोटारसायकलवरून चंदगडला गेले. शिंप्याकडून लग्नाचं पोलकं आणायचं होतं. दुपारच्या जेवणाला परत येतो म्हणून सांगून गेले.

दोन वाजले. आले नाहीत. तीनला शेजारी म्हणाला, टेलर बसवून ठेवत असतो. चारला खालच्या वाडीतनं एक गुराखी आला आणि अंगणातूनच ओरडला, "चंदगडच्या वाटंला टस्कर उभा हाय! वडाप बंद केल्यात!"

दोघं-तिघं गडी डबे आणि मशालीचं सामान घेऊन रस्त्याकडे गेले. शांताव्वा जात्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी जात्याची वरची तळी उचलून बाजूला ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी केलो," त्या म्हणाल्या. एकदाच.

मी त्यांच्याजवळ जाऊ शकले नाही. आवाज त्यांचा होता, पण ओळ माझी होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं, कारण दुसऱ्याच क्षणी मला प्रीती आठवली. वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. काजूच्या बागेच्या वर एका खडकावर उभं राहिलं तर एखादी दांडी दिसायची. हत्ती कुठं असेल याचा नेम नाही, सगळ्यांनी नको म्हटलं, आणि पालीला भिणारी मी एकटी त्या खडकावर गेले. का गेले ते अजून कळत नाही. पानं वाजली की थांबायची आणि पुन्हा चालायला लागायची.

फोन लागला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पाच वेळा लावला. त्या खडकावर मी देवाला जे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी गाणार नाही, तू म्हणशील तर परत कधीच गाणार नाही, पण पोरीला फोन उचलू दे, असा सौदाही करून पाहिला. फोन उचलला गेला नाही. मी खाली आले.

दिवेलागणीच्या आधी अंगणात गलका झाला. योहान चिखलानं माखलेली गाडी ढकलत येत होता आणि त्याच्या मागून रिबका चालत होती, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. सकाळी जातानाच वळणावर टस्कर आडवा आला. योहान गाडी वळवायला गेला आणि दोघं खडीवर पडले. हत्तीनं त्यांच्याकडे बघितलं, बांबूचा एक कोंब मोडला आणि तो रानात गेला. मग लांबच्या वाटेनं चंदगडचा सरकारी दवाखाना, एक्स-रे, प्लास्टर, आणि परत येताना तो पुन्हा रस्त्यावर. पोलकं मात्र तिनं आणलं होतं.

शेजारणी धावल्या. शांताव्वा जागच्या हलल्या नाहीत. रिबका आत गेली तशा त्या भिंतीला आणखी टेकल्या. "लांब ऱ्हा. माझ्याजवळ येऊ नगं. मी केलो ह्ये."

"काय केलीस?"

"गायलो."

रिबकानं प्लास्टरचा हात वर धरून बघितला. "मग बरंच झालं की. तू गायलीस म्हनून हातावर भागलं. न्हाय तर डोस्कंच फुटलं असतं."

कुणीतरी दारात फिसकन हसलं. शांताव्वा हसल्या नाहीत. "तुझी आय बी..." त्या म्हणाल्या.

रिबका त्यांच्यासमोर खाली बसली. तिचा तो मोठा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "आव्वा, आय गेली ती तुझ्या गान्यानं. बरं. मग त्याच दिवशी मी जगलो, तो कशानं?"

शांताव्वा तिच्याकडे बघत राहिल्या. मग रिबकानं एका हातानं जात्याची तळी ओढायला सुरुवात केली. ती तिला उचलेना. "एका हातानं जमत न्हाय," ती म्हणाली. "तू धर."

दोघींनी मिळून तळी बसवली. मी नाचणी घातली. शांताव्वांनी पदरानं तोंड पुसलं आणि 'गळा तिचा मोकळा' या ओळीपासूनच सुरुवात केली. मी बघत होते ते जात्याकडे. ते थांबलं नाही.

चौथ्या दिवशी रविवारच्या उपासनेत गाणं म्हटलं. पाळकांनी जातं चर्चमध्ये आणायला परवानगी दिली होती. सोमवारी निघताना शेजारणी पोलक्याची डावी बाही उसवत बसल्या होत्या, कारण प्लास्टरवरून ती चढत नव्हती. वडाप चालू झालं होतं. चंदगडला उतरल्या उतरल्या प्रीतीचा फोन आला. परवा फोन ऑफिसात टेबलावर ठेवून ती मीटिंगला गेली होती, काल दिवसभर लागत नव्हता. "पाच मिस्ड कॉल, आई? काय झालं होतं?" मी म्हटलं, "काही नाही, हत्ती."

घरी

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: नोव्हेंबर चांगला. थंडी असते, रस्ते कोरडे असतात. येताना घनसाळ तांदूळ आणि काजू आणा. हत्तीची चौकशी करा. गाणं शिकायला गेलात तर वही नेऊ नका.

लोक विचारतात, भीती गेली का. नाही गेली. प्रीतीचा फोन यायला उशीर झाला की आजही मला तो खडक आठवतो. रिबकाचं लग्न प्लास्टरसकट झालं. हात बरा झाला. शांताव्वा अजूनही गाण्याआधी भितात, पदरानं तोंड पुसतात, असं ती फोनवर सांगत होती. पण आता तिला विहिरीवर कुणी पाठवत नाही.

आमच्याकडची हळद जानेवारीत झाली. प्रीतीनं कुणाच्या तरी गावाकडून जातं मिळवून हॉलमध्ये मांडलं होतं. सगळ्या बायका गोळा झाल्या आणि मी, शहाणी, ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात. चंदगडहून येऊन दोन महिने झाले होते, गाणं रोज मनात म्हणत होते, तरी पाय कढईकडेच वळले. पुऱ्यांचा घाणा तेलात सोडला होता, हातात झारा होता.

बाहेरून माझ्या नणंदेचा आवाज आला, "वहिनी कुठंय?" सगळ्यांना सगळं कळलं असावं, कारण कुणी मला बोलवायला आत आलं नाही. आणि मग जातं फिरायला लागल्याचा आवाज आला. प्रीती एकटीच ओढत होती. तिला चाल येत नव्हती. मी शिकवलीच नव्हती, शब्द तेवढे घरात सांगितले होते. ती पहिली ओळ कशीबशी म्हणायची, शेवटच्या वळणाला चुकायची, आणि जातं थांबायचं. पुन्हा सुरू करायची, पुन्हा थांबायचं.

तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा मी झारा ठेवला. हॉलमध्ये जाऊन तिच्यासमोर बसले आणि खुंटा धरला. तिचे हात हळदीनं पिवळे होते, माझे पिठानं पांढरे. माझी ओळ आली तेव्हा आवाज फाटला. नणंदेनं ती उचलली, पुढच्या वेळी मीच म्हटली. किती फेरे झाले ते कुणी मोजलं नाही. हळद दळून झाली तेव्हा घरभर करपल्याचा वास सुटला होता. कढईतल्या पुऱ्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. बघायला स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.